पत्ता बदलला, पण कळले कोणाला?

एखाद्या मोठ्या कचेरीत नवा माणूस रुजू होतो. पहिल्याच दिवशी त्याचे नाव हजेरीपटावर चढते, बसायला टेबल मिळते आणि संगणकावर ईमेलचा पत्ताही मिळतो. मोठ्या हौसेने तो हा पत्ता चार मित्रांना कळवतो. संध्याकाळी एका मित्राचा फोन येतो, "अरे, तुला पाठवलेलं पत्र परत आलं. तिथे या नावाचं कोणीच नाही म्हणतात!" आता काय म्हणावे? खुर्ची खरी, पगार खरा, खुर्चीवर बसलेला माणूस खरा. पण कचेरीच्या दाराशी पत्रे घेणाऱ्या यंत्राच्या यादीत तो अजून जन्मालाच आलेला नाही.

वाचकहो, असे का होते? पत्ता नोंदवणाऱ्याने तो बरोबर नोंदवलेला असतो. यंत्रही बिघडलेले नसते. अडते ते मध्येच कुठेतरी. मोठ्या जाळ्यात एकाच यादीच्या शेकडो नकला असतात, आणि एका नकलेत केलेला बदल बाकीच्यांना कळेपर्यंत काळ जातो. कधी तो कळतच नाही. हा विषय निव्वळ यंत्राचा वाटेल, पण याच्या इतिहासाची सुरुवात आपल्याला घरापासून करता येते; कारण पत्ता बदलण्याचा अनुभव आपल्या शहराइतका फार थोड्या शहरांना असेल.

मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी गावी आपली राजधानी वसवली. १६२६ मध्ये तो वारला आणि त्याचा मुलगा फतेहखान याने गावाचे नाव फतेहनगर ठेवले. १६५३ मध्ये औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार होऊन आला आणि शहर औरंगाबाद झाले. पुढे तीनशे सत्तर वर्षांनी, २४ फेब्रुवारी २०२३ रोजी, छत्रपती संभाजीनगर या नावाला केंद्राची मंजुरी मिळाल्याचे जाहीर झाले. चारशे तेरा वर्षे आणि नावे चार!

कोणते नाव चांगले, याचा खल इथे करायचा नाही. आपल्याला पाहायची आहे ती बातमीची चाल. फेब्रुवारीत बदलले ते शहराचे नाव. जिल्हा आणि महसूल विभाग यांचे नाव बदलले सप्टेंबर २०२३ मध्ये. म्हणजे मधले सुमारे सात महिने शहर छत्रपती संभाजीनगर आणि जिल्हा औरंगाबाद, असा पत्ता एकाच पाकिटावर लिहिला असता तर तो कायद्याने अगदी बिनचूक होता! २०२४ ची लोकसभा निवडणूक झाली, तेव्हा मतदारसंघाचे नाव औरंगाबादच होते. रेल्वे स्टेशनची पाटी बदलली ऑक्टोबर २०२५ मध्ये, आणि तिथे नावाबरोबर स्टेशनची खूणही बदलली. ए-डब्ल्यू-बी जाऊन सी-पी-एस-एन आली. उलट विमानतळाची आय-एक्स-यू ही तीन अक्षरे शहराच्या नावाशी बांधलेलीच नव्हती, त्यामुळे नाव बदलले तरी त्यांना हात लावायचे कारण पडले नाही.

यात चूक कोणाची? कोणाचीच नाही. प्रत्येक खात्याची यादी निराळी, ती बदलण्याचा अधिकार निराळा आणि मुहूर्तही निराळा. बदल हा हुकूम निघाल्या क्षणी होतो असे आपण समजतो. खरे म्हणजे हुकूम निघतो तेव्हा बदलाची फक्त सुरुवात होते. ही गोष्ट टपालखात्याइतकी कोणाला ठाऊक नसेल.

निजामाच्या राज्याचे टपालखाते स्वतंत्र होते आणि त्याची स्वतःची तिकिटे १८६९ पासून निघत होती. त्या काळच्या तिकिटांवर फारसी लिपीबरोबर मराठी आणि तेलुगू अक्षरेही आढळतात. त्याच राज्यात ब्रिटिश हिंदुस्थानच्या टपालखात्याच्याही कचेऱ्या होत्या. दोन खाती म्हणजे दोन दप्तरे आणि गावांच्या दोन याद्या. हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यावर, १ एप्रिल १९५० रोजी, निजामाचे टपालखातेही भारतीय टपालखात्यात विलीन झाले. दोन याद्यांची एक यादी करणे हे कागदावर एका ओळीचे काम. प्रत्यक्षात मात्र ती यादी बऱ्याच अंशी टपाल निवडणाऱ्या माणसांच्या डोक्यात असे. आगगाडीच्या टपालडब्यात रात्रभर उभे राहून सॉर्टर खणांत पत्रे टाकीत. कोणते गाव कोणत्या खणात, हे त्यांना तोंडपाठ असावे लागे. माणूस बदलला की यादी बदलली!

त्यात एकाच नावाची गावे. औरंगाबाद आपल्याकडे होते, तसे बिहारातही आहे. शिवाय पत्ता कोणी मराठीत लिही, कोणी उर्दूत, कोणी इंग्रजीत. या गोंधळावर उपाय काढला तो एका मराठी माणसाने. श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल-तार मंडळावरचे वरिष्ठ अधिकारी आणि तितकेच नामांकित संस्कृत कवी. त्यांच्या योजनेप्रमाणे १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोड सुरू झाला. सहा आकडे. पहिला आकडा देशाचा भाग सांगतो, दुसरा पोटभाग, तिसरा टपाल निवडण्याचा जिल्हा, आणि शेवटचे तीन आकडे पत्र वाटणारी कचेरी दाखवतात. आपले मुख्य टपालघर ४३१००१. जालना ४३१२०३, बीड ४३११२२, परभणी ४३१४०१, नांदेड ४३१६०१. पहिले तीन आकडे सारखे, कारण सगळी एकाच कुळातली. बिहारचे औरंगाबाद ८२४१०१. नाव एक असले तरी आता पत्र चुकायचे कारण नाही.

वेलणकरांच्या योजनेतली खरी मेख मात्र पन्नास वर्षांनी आपल्या ध्यानात आली. २०२३ मध्ये शहराचे नाव बदलले, पण ४३१००१ हा आकडा जसाच्या तसा राहिला. पाकिटावर जुने नाव असो की नवे, आकडा बरोबर असेल तर पत्राची वाट तीच. माणसे ज्याला हाक मारतात ते नाव वेगळे ठेवावे आणि यंत्रणा ज्यावर चालते ती खूण वेगळी ठेवावी. नाव बदलू शकते, खूण शक्यतो बदलू नये. हे सूत्र लक्षात ठेवा. पुढे ते पुन्हा भेटणार आहे.

आता संगणकाच्या टपालाकडे वळू. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत आर्पानेट नावाचे संगणकांचे जाळे वाढत होते. त्यातल्या सर्व यंत्रांची नावे आणि आकडे एकाच यादीत असत. ती यादी कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथील एका संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर आणि त्यांचे सहकारी सांभाळीत. नवे यंत्र आले की त्यांना कळवायचे, त्यांनी यादीत नोंद करायची आणि बाकीच्यांनी अधूनमधून यादीची सबंध नक्कल उतरवून न्यायची. शंभर-दोनशे यंत्रे होती तोवर हे ठीक चालले. पुढे यंत्रे वाढली, नकला नेणारे वाढले, आणि नक्कल हाती येईपर्यंत यादी शिळी होऊ लागली.

१९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी निराळी रीत सुचवली. एक यादी ठेवायचीच कशाला? ज्याचे घर त्याने आपली यादी सांभाळावी. दुसऱ्याला पत्ता हवा असेल तेव्हा त्याने विचारावे, आणि उत्तर मिळाले की ठरावीक वेळ ते लक्षात ठेवावे, म्हणजे पुन्हा पुन्हा विचारायला नको. आजही सारे इंटरनेट याच रीतीवर चालते. पण "ठरावीक वेळ" या शब्दांतच पहिली गोम आहे. समजा, उत्तर एक दिवस लक्षात ठेवावे असे सांगितले आहे. तुम्ही आज दुपारी टपालाचे यंत्र हलवले, तर सकाळी ज्याने विचारले होते तो उद्या सकाळपर्यंत जुन्याच दारावर पत्र नेणार. यात बिघाड काही नाही, मुदत संपायची आहे इतकेच. म्हणून जाणते लोक यंत्र हलवण्याच्या दोन-चार दिवस आधीच ही मुदत पाच-दहा मिनिटांवर आणून ठेवतात, आणि जुन्या दाराशीही काही दिवस माणूस बसवतात.

घरांच्या पत्त्यांची अशी सोय झाली. पण घरातल्या माणसांची यादी? एकाच कंपनीच्या शेकडो कचेऱ्या देशोदेशी पसरलेल्या, माणसे रोज येणार-जाणार, आणि प्रत्येक कचेरीला सबंध यादी हाताशी हवी. हा प्रश्न झेरॉक्स कंपनीला पडला आणि त्याचा जो शोध लागला तो मोठा उद्बोधक आहे.

१९८७ च्या सुमारास झेरॉक्सच्या जाळ्यात शेकडो लहान जाळी आणि काही हजार यंत्रे होती. जपानमधून युरोपात जाणाऱ्या निरोपाला वाटेत चौदा नाकी आणि टेलिफोनच्या सात तारा ओलांडाव्या लागत, इतका त्याचा पसारा. नावपत्त्यांच्या यादीचे नाव होते क्लिअरिंगहाऊस. यादीचे काही भाग तर तीनशे-तीनशे यंत्रांवर ठेवलेले होते. बदल कळवायच्या रीती दोन. पहिली सरळ : ज्या यंत्रावर बदल झाला त्याने बाकीच्या सर्वांना पत्र पाठवायचे. पण काही पत्रे वाटेत गहाळ होत. आणि मौज अशी की, पत्र कोणाकोणाला पाठवायचे ही यादीच कधी कधी शिळी असे! म्हणून दुसरी रीत : रोज मध्यरात्रीनंतर यंत्रांनी जोडीजोडीने आपापल्या याद्या ताडून पाहायच्या आणि फरक दिसला तर दुरुस्त करायचा.

इथवर ठीक. पण कोणीतरी आणखी एक दक्षता घेतली होती. फरक सापडला तर खरी नोंद कोणती ते ठरवून ती पुन्हा सर्वांना टपालाने कळवायची. वरवर पाहता किती शहाणपणाचे! पण हिशेब करून पाहा. तीनशे यंत्रे, प्रत्येकाला फरक सापडला आणि प्रत्येकाने तीनशेंना कळवले, तर एका रात्रीत नव्वद हजार पत्रे होतात. एवढ्या पत्रांनी तारा तुंबल्या, तारा तुंबल्याने पत्रे उशिरा पोचली किंवा हरवली, पत्रे हरवल्याने फरक वाढले, आणि फरक वाढल्याने पत्रे आणखी वाढली. औषधानेच रोग वाढवला होता. ते जादा कळवणे बंद केले, तरी दिसून आले की, याद्या ताडण्याचे कामही जाळ्याला झेपत नाही.

अॅलन डेमर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पालो आल्टोच्या संशोधन केंद्रात या दुखण्याचा मुळापासून विचार केला आणि उत्तर शोधले ते साथीच्या रोगांच्या गणितात. आपण त्याला गावगप्पांचे गणित म्हणू. गुलमंडीवर एकाला बातमी कळते. तो सबंध शहराला पत्रे पाठवत बसत नाही. भेटेल त्याला सांगतो, तो पुढच्याला सांगतो. "हो, ठाऊक आहे मला," असे ऐकू येऊ लागले की सांगणाऱ्याचा उत्साह मावळतो आणि गप्पा आपोआप थांबतात. यंत्रांनीही असेच करावे : नवी बातमी वाटेल त्या एका यंत्राला सांगावी, आणि समोरच्याला ती आधीच ठाऊक निघू लागली की सांगणे सोडून द्यावे. फार थोड्या निरोपांत बातमी जवळजवळ सगळीकडे पोचते. "जवळजवळ" म्हणतो, कारण एखादा कोपरा राहून जातो. त्या कोपऱ्यासाठी याद्या ताडण्याचे काम चालू ठेवायचे, पण सावकाश.

त्यांनी आणखी दोन शहाणपणाच्या गोष्टी केल्या. एक, बातमी वाटेल त्याला सांगताना शक्यतो शेजाऱ्यालाच सांगावी. नाहीतर प्रत्येक यंत्र दूरच्याला हाक मारणार आणि अटलांटिक ओलांडणाऱ्या मोजक्या तारेवर साऱ्यांची गर्दी होणार. दुसरी गोष्ट आपल्या वाण्यालाही ठाऊक आहे. दोन चोपड्या ताडताना तो प्रत्येक रकम वाचत नाही. आधी अलीकडच्या नोंदी जुळवतो, मग एकूण बेरीज पाहतो. बेरीज जुळली तर वह्या बंद. न जुळली तरच मागची पाने उलटायची. यंत्रांनाही यादीची अशी बेरीज काढता येते, आणि ताडण्याचे पुष्कळसे काम वाचते.

पण सर्वांत चमत्कारिक अडचण होती ती नाव काढून टाकण्याची. समजा, एक साहेब निवृत्त झाले. आपल्या यंत्रावर त्यांचे नाव पुसले. रात्री शेजारच्या यंत्राशी यादी ताडली. शेजाऱ्याकडे साहेबांचे नाव आहे, आपल्याकडे नाही. यंत्र काय समजणार? "अरे, ही नोंद माझ्याकडे यायची राहिली!" आणि सकाळी निवृत्त साहेब यादीत पुन्हा हजर! नुसते पुसणे म्हणजे बातमी नव्हे. म्हणून पुसलेल्या नावाच्या जागी मृत्यूचा दाखला ठेवायची रीत पडली. "हे नाव अमुक तारखेला गेले" अशी नोंद इतर नोंदींसारखीच पसरते आणि जुन्या नकला पुसत जाते.

दाखला तरी किती दिवस जपायचा? सगळेच कायमचे जपले तर यादीत हयात लोकांपेक्षा गेलेलेच जास्त व्हायचे. म्हणून मुदत ठरवतात. मायक्रोसॉफ्टच्या, पुष्कळ कचेऱ्यांत वापरल्या जाणाऱ्या डिरेक्टरीत ती आधी साठ दिवस होती, पुढे एकशे ऐंशी झाली. आता एखादे यंत्र या मुदतीहून अधिक काळ बंद पडून राहिले आणि मग चालू केले तर? त्याच्या पोटात जुनी नावे आहेत आणि त्यांचे मृत्यूचे दाखले तर इतरांनी केव्हाच फाडून टाकले आहेत. गेलेली नावे पुन्हा चालू लागतात. म्हणून जाणकार सांगतात की, फार दिवस झोपलेले यंत्र जाळ्यात तसेच परत घेऊ नये. त्याची यादी कोरी करून नव्याने उतरवावी.

दोन नोंदींतली नवी कोणती, हाही प्रश्नच. वेळ पाहून ठरवावे म्हटले आणि एका यंत्राचे घड्याळ वर्षभर पुढे असले, तर त्याने केलेली चूक वर्षभर सर्वांत ताजी ठरणार! तुम्ही कितीदाही दुरुस्त करा, यंत्र म्हणणार, "माझ्याकडची नोंद नंतरची आहे." म्हणून पुष्कळ ठिकाणी आधी नोंद कितव्यांदा बदलली तो आकडा पाहतात आणि घड्याळ मागाहून.

कधी सबंध यादी न पाठवता फक्त फरक पाठवतात. टेलिफोनवरून संगणक जोडणाऱ्या हौशी लोकांचे फिडोनेट नावाचे जाळे १९८४ मध्ये सुरू झाले. तिथे दर आठवड्याला पत्त्यांतल्या फरकांची यादी निघे. स्वस्त आणि सुटसुटीत. पण एक आठवडा चुकला की पुढचा फरक बसतच नाही. कारण तो ज्या यादीवर चढवायचा ती यादी तुमच्याकडे नाही. एक पायरी निखळली की वरच्या साऱ्या अधांतरी. मग इलाज एकच, सबंध यादी पुन्हा उतरवणे.

इतका इतिहास झाल्यावर आता तुम्ही विचाराल, आमच्या कचेरीत हा घोटाळा झाला तर शोध कुठून सुरू करायचा? त्याचेही उत्तर इथल्याच मातीत आहे. मलिक अंबरने या शहराला पाणी आणले ते जमिनीखालच्या नहरीने, आणि तिच्या वाटेवर जागोजागी तोंडे ठेवली. अशा नहरीचे पाणी गावात येईना, तर ती सबंध उकरायची नसते. मधले एक तोंड उघडावे. तिथे पाणी असेल तर अडथळा पुढे, नसेल तर मागे. मग उरलेल्या अर्ध्याचा मध्य गाठावा. एका रांगेत तीनशे तोंडे असली, तरी फार तर नऊ उघडावी लागतात.

यादीचेही तसेच करावे. एकच ओळखीचे नाव घ्यावे आणि ते कोणत्या यंत्रापर्यंत पोचले व कोणत्या यंत्रावर नाही, हे पाहावे. सर्वत्र चूक असेल तर दोष उगमाशी. काही ठिकाणीच असेल तर दोष वाटेत, म्हणजे जिथवर पोचले आणि जिथे पोचले नाही, त्या दोहोंच्या मध्ये. तिथे क्रमाने चार गोष्टी तपासाव्या : मुदत अजून संपायची आहे का, पुढच्या यंत्राचा पत्ता पाठवणाऱ्याला ठाऊक आहे का, घड्याळे जुळतात का, आणि फरकाचा एखादा हप्ता चुकला आहे का. आणि सारे बरोबर असूनही एकाच माणसाचे पत्र परत येत असेल, तर त्याच्या स्वतःच्या संगणकाने जुना पत्ता पाठ करून ठेवला आहे का, तेही पाहावे. खिशातली यादी सर्वांत शेवटी बदलते!

घाबरून "सबंध यादी सर्वांना पुन्हा पाठवा" असे मात्र म्हणू नये. नव्वद हजार पत्रांची रात्र आठवावी.

परत आलेल्या पत्रावरचा शेराही नीट वाचावा. जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये संगणकी टपालाचे जे नियम लिहिले, त्यांत शेऱ्याच्या आकड्याला अर्थ आहे. आकडा चारने सुरू झाला तर "आत्ता जमत नाही, पुन्हा या," आणि पाचने सुरू झाला तर "चालते व्हा, पुन्हा येऊ नका." सुरुवातीला सांगितलेल्या नव्या माणसाचे पत्र परत गेले ते पाचच्या शेऱ्याने. दाराशी बसलेल्या यंत्राला इतकेच म्हणायला शिकवले असते की, "माझ्या यादीत नाव दिसत नाही, पण यादी ताजी व्हायची आहे, थोड्या वेळाने या," तर पत्र तासाभराने पोचले असते.

मला वाटते, या साऱ्या इतिहासाचे सार याच एका गोष्टीत आहे. "माझ्या यादीत नाही" आणि "असा कोणी नाही" ही दोन वाक्ये एक नव्हेत. पहिले यादीविषयी आहे, दुसरे माणसाविषयी. पहिल्यावरून दुसरे बोलण्याची घाई यंत्र करते, तशी माणसेही करतात. एखादी म्हातारी निवृत्तिवेतनाच्या खिडकीशी उभी असते. तिच्या एका कागदावर औरंगाबाद असते, दुसऱ्यावर छत्रपती संभाजीनगर. खिडकीमागचा माणूस म्हणतो, "पत्ता जुळत नाही, बाई." ती बिचारी चाळीस वर्षे एकाच घरात राहिलेली असते. पत्ता तिने बदललेला नसतो. पत्ता बदलला तो याद्यांनी, आणि तोही प्रत्येकीने आपापल्या मुहूर्तावर. अशा वेळी खिडकीमागच्या माणसाने पाकिटावरचा पिनकोड पाहावा, चार वर्षांपूर्वीचा कागद पाहावा, आणि चारचा शेरा द्यावा, पाचचा नव्हे.

नाव बदलण्याचा अधिकार कोणा एकाकडे असतो. पण ते सर्वांना कळायला वेळ लागतो, आणि तो वेळ जुन्या नावाने आलेल्यांनाही द्यावा लागतो. टपाल वाटणारा पोस्टमन हे फार पूर्वीपासून जाणतो. पाकिटावर काहीही लिहिलेले असो, तो दार ओळखतो. यंत्रांच्या एवढ्या मोठ्या जाळ्याला चाळीस वर्षांच्या खटपटीने जे शिकवावे लागले, ते थोडक्यात हेच : यादी आणि माणूस यांत तफावत पडली, तर संशय आधी यादीवर घ्यावा.